ठोकळ्याचं डोकं

बाबांचं दुकान रिकामं करायचं होतं, म्हणून श्रावण संपता संपता मी यवतमाळहून आर्णीला गेले. सोबत माझी मुलगी ओवी. पुढे दुकान आणि मागे घर, असं आमचं राहणं. दुकान मोटार वायंडिंगचं. विहिरीवरच्या मोटारी, कूलरचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, जे काही जळेल ते इथे यायचं आणि तांब्याची नवी तार पोटात घेऊन परत जायचं. आता बाबांची नजर बारीक तारेवर ठरत नाही. यंदा पोळ्याआधी दुकान बंद करून जागा एका मोबाईलवाल्याला भाड्याने द्यायची हे त्यांनी स्वतःच ठरवलं, आणि ठरवताना त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. वाईट मलाच वाटत होतं.

मागच्या भिंतीला लोखंडी मांडणी होती. ती मी आणि बाबांनी ओढून पुढे घेतली, तेव्हा भिंतीवर एक चौकोन दिसला. मध्ये जुना चुना तसाच, आणि चारही बाजूंनी हिरव्या-पिवळ्या रंगाचे ब्रशचे फटकारे कडेबाहेर गेलेले. भिंतीला पुठ्ठा टेकवून कोणीतरी रंगवला होता. पुठ्ठा उचलून नेला आणि कडेबाहेर सांडलेला रंग तेवढा मागे राहिला. बाबा चष्मा वर करून त्या चौकोनाकडे बघत राहिले. मग म्हणाले, हे पुसू नको, मोबाईलवाल्याले काय लावायचं ते त्याच्यावरून लावू दे. आणि खोकी बांधायला निघून गेले.

मी तिथेच फरशीवर बसले. मांडणीमागून जुन्या वॉर्निशचा वास येत होता. गोडसर, थोडा कडवट, डोक्यात हळूहळू चढणारा. माझं सगळं लहानपण या वासात गेलं. शाळेतून आले की आधी वॉर्निश, मग जळक्या तारेचा करपट वास, मग मागच्या दाराने स्वयंपाकघरातली फोडणी. तांब्याची तार हाताळली की बोटांना नाण्यांसारखा वास यायचा आणि तो जेवणातही यायचा. आमच्या घरात ऋतू मोटारींवरून ओळखले जात. कूलरचे पंप यायला लागले की उन्हाळा. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत विहिरीच्या मोटारी, चिखलाने माखलेल्या, बैलगाडीतून नाहीतर मोटारसायकलच्या मागे बांधून आलेल्या. पावसाळ्यात मात्र दुकान शांत. बाबा बाकावर बसून रेडिओ ऐकायचे आणि पत्र्यावरचा पाऊस तो ऐकू येऊ द्यायचा नाही.

त्या शांत दिवसांतच पोळा यायचा. पोळा मोठ्या बैलांचा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आम्हा मुलांचा. चाकांचे लाकडी नंदी दोरीने ओढत, कोणी ना कोणी बनून, आम्ही शाळेच्या मैदानावर जायचो. आई होती तोवर त्या दिवसाची तयारी आमच्याकडे महिनाभर आधी सुरू व्हायची. एका वर्षी मी पोपट झाले. एका वर्षी मक्याचं कणीस. आणि शेवटच्या वर्षी कापसाचं बोंड. आत्याच्या शेतातला कापूस आईने माझ्या जुन्या फ्रॉकवर पुंजका पुंजका करून शिवला होता, सरकीसकट. खाली खाकी कागदाच्या पाकळ्या. मी चालले की सरक्या अंगावर टोचायच्या, आणि त्या कापसाला उन्हात पडलेल्या शेताचा वास होता.

त्यानंतर आई नव्हती. पोळे आले आणि गेले. माझा नंदी माळ्यावरून खाली उतरला नाही, आणि तो उतरवायचा का असं कोणी कोणाला विचारलंही नाही. बोंडाचा फ्रॉक आईच्या पत्र्याच्या पेटीत होता. ती पेटी मी उघडत नसे. कधीमधी नुसती तिच्यावर बसून गृहपाठ करायची.

मग अर्चना आली. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माझ्या आत्याने ते लग्न जमवलं. बाभुळगावची, चोविशीची, उंच, हाताच्या मनगटावर लहानपणीचा भाजल्याचा डाग. लग्न रजिस्टर पद्धतीने, जेवण आत्याच्या अंगणात. ती घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि तिला हाक काय मारायची हे मला सुचत नव्हतं. आत्या म्हणाली आई म्हण. शेजारच्या काकू म्हणाल्या मावशी म्हण. मला कोणताच शब्द तोंडातून काढता येईना. मी हवेत बोलायला लागले. "वरण संपलं वाटते," असं भिंतीकडे बघून म्हणायचं आणि वरण ताटात यायचं. ती मला बाई म्हणायची. बाई, जेवून घे. बाई, वेणी घालून देऊ काय. मी मान हलवायची, हो किंवा नाही.

बाबाही तिच्याशी फारसं बोलत नसत. रागाने नव्हे. आई गेल्यापासून ते कमी बोलणारे झाले होते, एवढंच. जेवायचे, हात धुवायचे, दुकानात जायचे. घरात तीन माणसं होती आणि बराच वेळ भांड्यांचाच आवाज यायचा.

एका शनिवारी शाळा सकाळची होती. मी दुपारी घरी आले तर टीव्हीसमोर ती सतरंजीवर मांडी घालून बसलेली, पदर कमरेला खोचलेला, हातात वायरचं बटणांचं खेळणं, आणि पडद्यावर चौकोनी तुकड्यांचा एक माणूस विहिरींवरून उड्या मारत चाललेला. मी दारातच उभी राहिले. पाठीवरचं दप्तरही काढलं नाही. तिने मान न वळवता सांगितलं की तिच्या भावाचं बाभुळगावात व्हिडिओ गेमचं दुकान होतं, मुलं तासाने खेळायला यायची, भाऊ शेतात गेला की गल्ल्यावर तीच बसायची. भावाने दुकान बंद करताना एक मशीन तिला लग्नात दिलं. साड्यांच्या घडीत लपवून आणलं होतं.

"लपवून काहून?" मी विचारलं. तिला सरळ विचारलेला माझा तो पहिला प्रश्न असावा.

"सासरी बाई गेम खेळते म्हटलं तर लोक काय म्हणतीन," ती म्हणाली. "पण मी खेळतो. मले सोडवत नाही." आमच्या भागात बायकाही असंच बोलतात, जातो, येतो, खेळतो. तिच्या तोंडी ते फार ठाम वाटायचं.

पडद्यावरच्या त्या माणसाचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. कॅसेटवर परक्या लिपीतली अक्षरं होती, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी तीच अक्षरं लुकलुकायची. बाभुळगावच्या मुलांनी त्याला ठोकळ्या म्हणायला सुरुवात केली होती. पिवळा चौकोनी चेहरा, हिरवी टोपी, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठोकळे. तोंड नाहीच. तो एका गुहेतून चालत राहायचा, विहिरी ओलांडायचा, भिंतीवरची मडकी फोडायचा, आणि शेवटी एक दार यायचं. दार उघडलं की पुढची गुहा. त्याच्या चालण्याला एक सूर होता, टिंग टिडिंग टिंग, आणि उडी मारली की तो सूर वर चढायचा. ती खेळताना तो सूर तोंडानेही म्हणायची. तिला कळतही नसे की आपण म्हणतोय. पुढे पुढे पोळ्या लाटतानाही म्हणायला लागली.

त्या शनिवारपासून दुपारी आम्ही खेळायला लागलो. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची. फुंकर मारायचं काम माझं. वायर आखूड होती म्हणून टीव्हीच्या अगदी पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागायचं. तिच्या हाताला लसणाचा आणि धुण्याच्या साबणाचा वास असायचा. तिला सगळ्या विहिरी पाठ होत्या, पण ती आधी सांगायची नाही. मी पडले की नुसती म्हणायची, थोडी उशिरा उडी मारून पाह्य. आणि खेळ ऐन रंगात आला की लाइन जायची. भारनियमनाचे दिवस होते ते. पडदा मध्ये आक्रसून एक ठिपका व्हायचा, विझायचा, आणि ठोकळ्या कितव्याही गुहेत असला तरी पुन्हा पहिल्या गुहेत. पंखा बंद. बाहेरून आलेला वाळत्या धान्याचा वास. आम्ही तशाच अंधारल्या खोलीत बसून राहायचो, आणि ती मला बाभुळगावच्या दुकानातल्या मुलांच्या गोष्टी सांगायची. शाळेतल्या मैत्रिणींना हे कळलं तेव्हा त्याही यायला लागल्या. मग त्यांचे भाऊ. रविवारी आमच्या दाराशी चपलांचा ढीग पडायचा. बाबा दुकानातून मान वळवून तो ढीग बघायचे आणि परत तारेत डोकं घालायचे.

पोळा जवळ आला तशी आत्या एकदा संध्याकाळी आली. यंदा पोरीला तान्ह्या पोळ्यात न्यायचं असं तिने बाबांना सांगितलं. किती दिवस नंदी माळ्यावर ठेवणार. तिच्याकडे लुगडं होतं, ते नेसवून मला राणी करायची असं तिने ठरवून टाकलं होतं. मी पाणी द्यायला गेले तेव्हा तिने मला विचारलं, राणी होशील न? मी म्हटलं, मी ठोकळ्या होईन.

आत्याला कळेना ठोकळ्या काय. बाबांनाही नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून अर्चना मात्र माझ्याकडे बघत होती, आणि मी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर भीती बघितली. आत्या गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, "बाई, हे काम तुझ्या आईचं होतं. माझ्यानं नाही झालं तर?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक मी दुकानात जाऊन कूलरचं रिकामं खोकं ओढत आणलं असेन, कारण त्यानंतरची आठवण एकदम पुठ्ठ्याची आहे.

पुठ्ठ्याला कोरडा, धुळीचा, गोड वास असतो. तो कापला की जास्त येतो. ती भाजी चिरायच्या विळीवर पुठ्ठा कापायची, कारण कात्री वाकायची. स्वयंपाकघरात जुन्या पातेल्यात मैद्याची खळ शिजायची आणि तिच्यात उंदीर-झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद पडलं की ती निळसर व्हायची. मग मला सक्त ताकीद, बोट तोंडात घालायचं नाही. आम्ही टीव्हीपुढे बसून ठोकळ्याच्या चेहऱ्यातले चौकोन मोजले. खेळ मध्येच थांबवायचं बटण होतं, ते दाबून तिने पडद्याला वर्तमानपत्र लावलं आणि पेन्सिलने डोळे गिरवून घेतले. टोपी वेगळी. अंगासाठी दुसरं खोकं, हात बाहेर काढायला भोकं. कोपरे उसवायला लागले तेव्हा मी दुकानातून वायंडिंग बांधायची पांढरी फीत आणली आणि खळ लावून ती कोपऱ्यांवर गुंडाळली. डोळ्यांच्या भोकांना आतून मच्छरदाणीची काळी जाळी. रंग दुकानातलाच, मोटारींच्या अंगाला मारतात तो हिरवा, आणि खिडक्यांना लावून उरलेला पिवळा. मागच्या भिंतीला पुठ्ठे टेकवून आम्ही दोघींनी ते रंगवले. तिला कडेच्या आत राहणं जमायचं. कडेबाहेर गेलेले फटकारे माझे.

डोकं तयार झालं आणि मी ते घातलं, तर पुठ्ठ्याची धार मानेला आणि कानाला कापायला लागली. तिने आत चिंध्या लावून पाहिल्या. चिंध्या सरकायच्या. ती विचार करत बसली होती. मी उठले, आईच्या पेटीवरची गादी खाली ठेवली आणि पेटी उघडली. फ्रॉकवरचा कापूस पिवळट पडला होता, पण वास तसाच होता. मी फ्रॉक तिच्या पुढ्यात ठेवला.

ती बराच वेळ त्याला हात लावेना. "हा तिनं शिवला होता न?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, फ्रॉक राहू दे, आपण बाजारातून कापूस आणू. मी म्हटलं हाच पाहिजे. तिने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच म्हटलं. मग आम्ही दोघींनी मिळून टाके उसवले. आईचे टाके फार बारीक होते. ती एकेक टाका सुईच्या टोकाने उचलायची आणि दोरा तुटू न देता ओढून काढायची, आणि काढलेला दोरा फेकायच्या ऐवजी मनगटाला गुंडाळून ठेवायची. सरक्या मी वाटीत जमा केल्या. कापूस डोक्याच्या आत बसला आणि फ्रॉक धुऊन, घडी करून पुन्हा पेटीत गेला.

पोळ्याच्या आधी सलग काही दिवस भुरभुर पाऊस होता. आत्या येऊन म्हणाली की पुठ्ठ्याचं हे सोंग मैदानावर पोहोचायच्या आत लगदा होणार, अजूनही लुगडं नेसव. तिचं म्हणणं खरंही होतं. अर्चना रात्रीच्या स्वयंपाकाला लागली आणि तिचं तोंड उतरलेलं मला दिसत होतं. त्या दिवशी तिने सूर म्हटला नाही.

संध्याकाळी बाबा मागच्या खोलीत काहीतरी शोधायला आले. डोकं बाकावर उलटं ठेवलेलं होतं. त्यांनी आत डोकावून बघितलं आणि थांबले. मग हात घातला, कापूस बोटांत धरला, आणि मला विचारलं, हा कुठला. मी सांगितलं. कोणी सुचवलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. ती तिथे पिठाचे हात घेऊन उभी होती. तिला वाटलं असावं की आता ते रागावतील. ती काही बोलायला गेली तर बाबांनी मान हलवली, नको म्हणून. मग ते दुकानात गेले आणि वॉर्निशचा डबा घेऊन आले.

"तारेले पाण्यापासून वाचवते," ते म्हणाले, "तर पुठ्ठ्याले काहून नाही वाचवणार."

त्यांनी मोठा ब्रश घेतला आणि डोक्याला वरून खाली एकेक हात मारायला सुरुवात केली. मोटारीला लावतात तसाच, घाई न करता. तिला म्हणाले, पकड खालून. तिने पिठाचे हात पदराला पुसले आणि धरलं. मी टोपी धरली. हिरवा रंग वॉर्निशखाली गडद झाला, पिवळा पिकल्या आंब्यासारखा. मग त्यांनी मोटारी वाळवायचा मोठा बल्ब काढला आणि डोकं खिळ्याला टांगून बल्ब त्याच्या आत, कापसापासून दूर, लटकवला. जाळीच्या डोळ्यांतून उजेड बाहेर आला आणि समोरच्या भिंतीवर दोन चौकोन पडले. आम्ही तिघं खाली फरशीवर बसलो, ते पेटून जाऊ नये म्हणून राखण करत. मध्येच बाबांनी तिला विचारलं, तो पडद्यावरचा खरंच असाच दिसते काय. ती म्हणाली, थोडा बुटका आहे. बाबा हसले. त्यांचं हसणं मी विसरले होते, म्हणजे ते खालच्या सुरात सुरू होऊन नाकातून संपतं हे विसरले होते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी भुरभुर होतीच. मैदानावर आंब्याच्या पानांची तोरणं, ओल्या मातीचा, बेगडी कागदाचा आणि उदबत्तीचा वास. नंदीच्या चाकांखाली चिखल. पऱ्यांचे पंख लोंबले होते, पोलिसाची मिशी गळली होती. माझ्या डोक्यावरून थेंब घरंगळून खाली पडत होते. आत वॉर्निश, कापूस आणि माझा स्वतःचा श्वास. जाळीतून बघितलं की सगळं गाव बारीक चौकोनांचं दिसायचं, माणसं, नंदी, तोरण, सगळेच ठोकळ्याच्या जगातले. ती बायकांच्या मागे, अगदी शेवटी, डोक्यावर पदर घेऊन उभी होती. गावाला ती नवीनच होती आणि गाव तिच्याकडे अजून बघून घेत होतं.

माईक एका गुरुजींच्या हातात होता. एकेका मुलाला पुढे बोलावून ते तो काय झालाय ते सांगत होते. माझ्यापाशी आले, वरून खाली बघितलं आणि म्हणाले की ही आपल्या वायंडिंगवाल्यांची मुलगी, आणि ही झाली आहे कूलर. मैदान हसलं. मी आतून नाही नाही म्हणत होते, पण पुठ्ठ्यातला आवाज पुठ्ठ्यातच फिरत होता. गुरुजी पुढच्या मुलाकडे वळले.

जाळीतून मला दिसलं की बायकांची रांग मधून हलली. ती येत होती. नंदींच्या दोऱ्या ओलांडत, चिखलात चप्पल रुतली तर ती तिथेच सोडून. गुरुजींपाशी येऊन ती काहीतरी म्हणाली. ते त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी माईक तिच्यापुढे केला.

"कूलर नाही जी," तिचा आवाज साऱ्या मैदानावर गेला आणि ती स्वतःच दचकली. "गेममधला ठोकळ्या आहे. पोरांले विचारा."

पोरांना विचारावं लागलं नाही. आमच्या दाराशी चपला काढणारी सगळी मुलं मैदानात होती. ठोकळ्या, ठोकळ्या असा गलका झाला. गुरुजी भले माणूस होते. त्यांनी चूक झाली म्हणून सांगितलं. आणि मग सहज, वाईट हेतूने नाही, त्यांनी विचारलं, "आपण कोण हिच्या?"

सगळ्यांना माहीत होतं ती कोण. तरी ती स्वतःला काय म्हणवते ते सगळ्यांना ऐकायचं होतं. आत्या पुढच्या रांगेत होती. बाबा मैदानाच्या कडेला मोटारसायकलपाशी उभे होते. तिने माझ्याकडे बघितलं. माझे डोळे तिला दिसत नव्हते, जाळीच दिसत असणार.

"मी हिच्यासंगं खेळतो," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. एवढ्यात मुलांतल्याच कोणीतरी टिंग टिडिंग सुरू केलं. ती माईकसमोरून बाजूला व्हायची विसरली होती, आणि तिच्या तोंडून सवयीने सूर निघाला, हळू, पोळ्या लाटताना निघायचा तसा. तो भोंग्यावरून थेट बाजारापर्यंत गेला. मग मला उभं राहवेना. मी चालायला लागले. नंदीची चिखलातली वाट समोर होती, तिच्यात साचलेलं पाणी, मी ते विहिरीसारखं ओलांडलं. सूर वर चढला. दुसरं डबकं. पुन्हा वर. मुलं ओरडत होती, आणि डोक्यात आईचा कापूस माझ्या कानांना घट्ट बसला होता, सगळा गोंगाट त्याच्यातून मऊ होऊन येत होता.

बक्षीस राणी झालेल्या दुसऱ्या एका मुलीला मिळालं. आम्ही मग नंदी घेऊन घरोघरी बोजारा मागायला निघालो. बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याला मुलांच्या हातावर ठेवतात तो खाऊ आणि सुटे पैसे. मी दमले की डोकं ती काखेत घ्यायची. आत्याच्या दाराशी गेलो तेव्हा आत्याने नंदीला कुंकू लावलं, मला लावलं, आणि ताट खाली ठेवता ठेवता थांबून अर्चनालाही लावलं. म्हणाली, पाय धू आधी, चप्पल कुठं टाकली वेडे. आणि स्वतःच्या चपला काढून तिच्यापुढे सरकवल्या.

घरी परतताना मला तिला काहीतरी सांगायचं होतं. हाक मारायला शब्द अजूनही नव्हता. मी म्हटलं, "ऐक न." ती थांबली. पुढे काय सांगितलं ते महत्त्वाचं नसावं, बहुतेक भूक लागल्याचं. पण ती थांबली आणि मग तेच तिचं नाव झालं. दोन वर्षांनी माझा भाऊ झाला, तोही बोलायला लागला तेव्हा तिला ऐक न म्हणायचा. बाबांच्या तोंडीही कधी कधी येतं. मला आई होती आणि ती एकच होती. हीसुद्धा एकच आहे. दोघींना एका शब्दात कोंबायची गरज पडली नाही.

ते डोकं पुढे उंदरांनी खाल्लं, मोरचूद असूनही. मशीन बिघडलं, कॅसेट हरवल्या, भारनियमन संपलं. बाभुळगावच्या त्या मुलांना नोकऱ्या लागल्या असतील, लग्नं झाली असतील. त्या खेळाचं खरं नाव मला अजून माहीत नाही. शोधलं तर मिळेल, पण मी शोधत नाही.

मी फरशीवरून उठले तेव्हा दुकानात संध्याकाळचा उजेड आला होता. बाबा पुढे मोबाईलवाल्याला मीटर कुठे आहे ते दाखवत होते. मी मागे घरात गेले. ओवी पलंगावर पालथी पडून माझ्या फोनवर काहीतरी खेळत होती आणि ऐक न तिच्या शेजारी, चष्मा नाकावर घेऊन. केस कानांशी पांढरे झालेत तिचे. परवा तान्हा पोळा, आणि ओवीला त्या खेळातलं कोणीतरी व्हायचं होतं, सहा हातांचं, पाण्याखाली राहणारं. मला दडपण आलं. मी म्हटलं, एवढ्या घाईत सहा हात कुठून आणायचे, आपण यवतमाळातून तयार ड्रेस मागवू.

ओवीने माझ्याकडे बघितलंही नाही. ऐक ननेही नाही.

"आधी मले खेळून पाहू दे," ती ओवीला म्हणाली. "तो चालते कसा, हे समजल्याबिगर कसं बनवू?"

ओवीने फोन तिच्या हातात दिला आणि कुठे बोट ठेवायचं ते शिकवलं. काचेवर बोट फिरवायची तिला सवय नाही. तिला बटणं लागतात. तो सहा हातांचा प्राणी दोनदा गोल फिरला, खडकावर आपटला आणि पडदा लाल झाला. ओवी खिदळली. म्हणाली, हरलीस.

ऐक नने पदर कमरेला खोचला, मांडी घातली आणि चष्मा वर सरकवला.

"अजून एक डाव लाव," ती म्हणाली.